खळखळून उकळलेलं पाणी

गल्लीत तिला सगळे सिस्टर म्हणत. पाठीमागे काही जण 'उकळी' म्हणत, आणि ते तिला पक्कं ठाऊक होतं. मुलांच्या वॉर्डातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी चाल अजून वॉर्डातलीच. भरभर, पायांचा आवाज न करता, जाता जाता दोन्ही बाजूंना नजर टाकत. कुणाच्या घरी गेली की बसायच्या आधी ती स्वयंपाकघरात शिरायची आणि पाण्याच्या भांड्यावरचं झाकण उचलून बघायची. "उकळलंय का?" हीच तिची "काय, कसं काय?". पोस्टमनने पाणी मागितलं तर त्याला कोमटच मिळे, बिचाऱ्याने भर उन्हात घाम पुसत ते संपवायचं. सिस्टरच्या दारातलं कुत्रंसुद्धा उकळलेलं पाणी पितं, असं गल्लीतली माणसं चेष्टेने म्हणत. तसं ते खोटंही नव्हतं.

हा हट्ट तिच्या अंगात उगीच शिरला नव्हता. नोकरीच्या पहिल्याच वर्षी जुलाबाची मोठी साथ आली होती. एकेका खाटेवर तीन तीन मुलं, आणि सकाळी चादरी बदलताना कालचं कोणतं मूल आज नाही ते न बघता चादर ओढायला ती शिकली. साथ ओसरली ती औषधांनी कमी आणि उकळलेल्या पाण्याने जास्त, असं तेव्हाचे मोठे डॉक्टर म्हणाले होते. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. सिस्टरने तर त्यानंतर जन्मभर पाणीच पोळवलं.

गल्लीपर्यंत नळ कधी आलाच नाही. प्रत्येकाच्या अंगणात आपापली विहीर, तिच्यावर पंप, आणि पाणी असं नितळ की तळाला पडलेला चमचा वरून दिसावा. वरच्या अंगाला भाजीची शेतं होती, गोठे होते, आणि गोठ्यांमागे शेणाचे ढीग. पण पाण्याला ना वास, ना रंग, ना चव. सिस्टरला आपल्या विहिरीचा अभिमान होता, आणि त्याहून जास्त अभिमान मागच्या शेगडीवरच्या पातेल्याचा. ते पातेलं कधी रिकामं होत नसे. वरचं पाणी काढून घेतलं की विहिरीचं ताजं ओतायचं आणि पुन्हा खळखळू द्यायचं, चांगलं चौथा हिस्सा आटेपर्यंत. "रिकामं पातेलं म्हणजे आळशाचं घर," असं ती म्हणे. अधूनमधून पातेल्याच्या कडेला जमलेला पांढरा थर ती चमच्याने खरवडायची आणि सुनेच्या नाकासमोर धरायची.

"बघ. हे सगळं पोटात गेलं असतं."

सून मान हलवायची. ती कुरिअरच्या ऑफिसात काम करत होती. बाळ झालं, रजा संपली, अंगावरचं दूध पुरेना, म्हणून पावडरच्या दुधाची बाटली सुरू झाली. बाळाला घरात ढब्बू म्हणत, कारण जन्मला तेव्हाच त्याचे गाल खांद्यांना टेकलेले होते. दिवसभर ढब्बू आजीकडे. बाटल्या उकळणं, पावडर मापाने घालणं, मनगटावर थेंब टाकून बघणं, सगळं सिस्टरच्या हातचं. सुनेने एकदा जरा बिचकतच विचारलं होतं, "आई, ढब्बूपुरते विकतच्या पाण्याचे कॅन आणूया का?"

"अंगणात विहीर असताना? काखेत कळसा आणि गावाला वळसा!" सिस्टर म्हणाली. "आणि त्या कॅनवाल्याने पाणी कुठून भरलं, ते तू बघायला गेली होतीस?"

सून हसली आणि विषय संपला. सिस्टरच्या शब्दापुढे या घरात कुणाचं काही चालत नसे, आणि पाण्याच्या बाबतीत तर गल्लीतही नाही.

मग एका सकाळी ऑफिसला निघता निघता सून थांबली. "आई, याचे ओठ जरा निळसर वाटतायत का हो?"

सिस्टरने ढब्बूला उजेडात धरलं. तो हसत होता, पाय झाडत होता. श्वास व्यवस्थित, ताप नाही. हजारो मुलं या हातांखालून गेलेली! "थंडी आहे बाहेर," ती म्हणाली. "पायमोजे घालते मी. तू जा. मी आहे ना."

'मी आहे ना.' हे तीन शब्द पुढे तिला कितीदा आठवले, त्याला हिशेब नाही.

सून गेली. पायमोजे घातले, दुपट्यात गुंडाळलं, दुधाची बाटली पाजली, आणि दुपारच्या बाटलीनंतर ढब्बूचा चेहरा पाटीच्या रंगाचा झाला. ओठ, नखं, कानांच्या पाळ्या, सगळं राखाडी-निळं. रडतही नव्हता, नुसता मलूल पडून होता. सिस्टरच्या तोंडचं पाणी पळालं. बाळाला छातीशी धरून ती चपला न घालता रस्त्यावर आली आणि समोरून येणाऱ्या पहिल्या गाडीसमोर उभी राहिली.

दवाखान्यातली डॉक्टर वयाने तिच्या सुनेएवढी होती. तिने ऑक्सिजन लावला. रंग बदलेना. रक्त काढलं तेव्हा सिस्टरनेच बाळाचा हात धरला होता. नळीत आलेलं रक्त लाल नव्हतं, काळपट तपकिरी होतं, साखर करपल्यासारखं. जन्मभर तिने मुलांची रक्तं काढली होती, पण असं रक्त तिने कधी पाहिलं नव्हतं.

"दूध कसलं देता?" डॉक्टरने विचारलं.

"पावडरचं."

"पाणी?"

"विहिरीचं. पण उकळलेलं," सिस्टर घाईने म्हणाली. "मी स्वतः उकळते. चौथा हिस्सा आटेपर्यंत. पातेलं दिवसभर शेगडीवरच असतं, मी फक्त वरून भर घालते."

डॉक्टरने एक इंजेक्शन मागवलं. औषध गडद निळं होतं, दौतीतल्या शाईसारखं. निळ्या पडलेल्या पोराला निळंच औषध दिलं जाताना सिस्टर बघत होती. पण थोड्याच वेळात ओठांच्या कडा गुलाबी झाल्या, मग गाल, आणि मग ढब्बूने असा काही टाहो फोडला की वॉर्डातल्या बाकीच्या आयांनी वळून पाहिलं. तोवर सूनही धावत येऊन पोचली होती. तिने बाळाला घेतलं आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

डॉक्टरने सिस्टरला बाजूला बसवलं. आवाज मऊ होता. तोच मऊ आवाज सिस्टरने स्वतः कित्येक आईबापांशी बोलताना वापरला होता, त्यामुळे आता काय येणार ते तिला ओळखता आलं.

"पाण्यात नायट्रेट असणार. शेतातल्या खतातून, शेणाच्या ढिगातून, शोषखड्ड्यातून जमिनीत मुरतं आणि विहिरीत उतरतं. मोठ्यांना सहसा कळतही नाही. पण तान्ह्या बाळाच्या पोटात गेलं की त्याचं रक्त प्राणवायू वाहायचं विसरतं. उकळून जंतू मरतात हो, पण हा जंतू नाही. पाण्याची वाफ होऊन जाते आणि हे..."

"मागे राहतं," सिस्टर म्हणाली. "मिठाचं पाणी आटवल्यावर मीठ राहतं तसं."

"हो."

"आणि मी त्याच पातेल्यात वरून भर घालत होते."

डॉक्टरने तिच्या हातावर हात ठेवला. सिस्टरने आपला हात हळूच काढून घेतला. तिला त्या क्षणी कुणाचीही माया नको होती. आपण आपल्या नातवाला रोज थोडं थोडं विष आटवून पाजलं, मापाने, मनगटावर थेंब टाकून बघून, एवढंच तिला दिसत होतं.

डॉक्टरने कळवल्यावर पाणी तपासणारा माणूस बाटल्या घेऊन आला. त्याने सिस्टरच्या विहिरीचं पाणी घेतलं, वर चढून गोठ्यांकडे बघून आला, आणि थोड्या दिवसांनी फोन करून सांगितलं की नायट्रेट भरपूर आहे, आणि या उतारावरच्या सगळ्याच विहिरींत असणार, कारण जमिनीखाली पाणी एकच. उकळू नका, क्लोरीनने जाणार नाही, कापडाने गाळून उपयोग नाही. आरओ मशीन बसवा नाहीतर बाळासाठी दुसरीकडून तपासलेलं पाणी आणा. "कुणा एकाचा यात दोष नाही, आजी," असंही म्हणाला. भला माणूस. पण दोष वाटून घेतला म्हणून आपला वाटा कमी होत नाही, हे त्याला कुठून माहीत असणार?

घरात कुणी तिला काही बोललं नाही, आणि तेच वाईट होतं. मुलगा म्हणाला, "आई, मनाला लावून घेऊ नकोस." सून तर फारच नीट वागत होती. "आई, तुम्ही आराम करा." "आई, बाटलीचं मी बघते." तिने रजा वाढवून घेतली. कॅन आले. ढब्बूची बाटली आता सूनच करायची, आणि अंघोळीला जाताना बाळाला नवऱ्याकडे देऊन जायची. सिस्टर समोर बसलेली असली तरी. सुनेने भांडण केलं असतं, भांडी आपटली असती, चार शब्द सुनावले असते, तर सिस्टरला बरं वाटलं असतं. खालमानेने ऐकून घ्यायला ती तयार होती, पण कुणी ऐकवतच नव्हतं.

आणि गल्लीत? गल्लीत तिने सांगितलं की ढब्बूच्या छातीत कफ झाला होता. जिने आयुष्यात कुणाला खोटं औषध सांगितलं नाही, तिने कोपऱ्यावर उभं राहून सरळ थाप मारली आणि घरी येऊन मोरीत जाऊन तोंड धुतलं. कारण गल्लीतल्या प्रत्येक शेगडीवर तिने ठेवायला लावलेलं पातेलं होतं. आज पाणी वाईट म्हणायचं तर उद्या कुणीतरी विचारणार, आणि कालचं काय?

तो 'काल' दोन घरं सोडून राहत होता.

तिथे शिवणबाई राहायची. खिडकीशी मशीन, दिवसभर खडखड. लग्नानंतर इथे आली तेव्हा कोवळी पोर होती. पहिला मुलगा झाला, अंगावर दूध नव्हतं, तेव्हा सिस्टरनेच तिला बाटली धरायला शिकवलं, पातेलं निवडून दिलं, किती आटवायचं ते शेगडीशी उभं राहून दाखवलं. ते पोर दोन महिन्यांचंही झालं नव्हतं आणि एका दुपारी निळं पडून गेलं. दवाखाना गाठायच्या आत. शिवणबाईचं रडणं थांबेना, तेव्हा सिस्टरने तिला जवळ घेऊन सांगितलं होतं, "हृदयाला भोक असणार गं. काही मुलं असं घेऊनच येतात. तुझ्या हातात काही नव्हतं." सिस्टर म्हणाली म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. पुढे शिवणबाईला मुलगी झाली, तिला दूध पुरलं, ती वाढली, तिचं लग्न झालं, आणि आता ती बाळंतपणासाठी आईकडे आली होती.

दवाखान्यात ढब्बूची नखं निळी बघताना सिस्टरला पहिल्यांदा ते दुसरं पोर आठवलं होतं. तेव्हापासून मन तिला खात होतं. ती शिवणबाईच्या दारावरून जायचं टाळू लागली, मुद्दाम लांबच्या वाटेने किराणा आणायला लागली.

सुनेनेच शेवटी विचारलं. बाटली धुता धुता, वर न बघता. "आई, शिवणबाईंच्या मुलीला दिवस भरत आलेत. त्यांना पाण्याचं सांगितलंत ना?"

सिस्टरने बाटलीचं झाकण उचलून पुसायला घेतलं.

"तुम्ही नाही सांगितलंत तर मी सांगते," सून म्हणाली. आवाज चढला नव्हता. "पण तुम्ही सांगितलेलं बरं."

त्याच दुपारी सिस्टर गेली. सवयीने पाय आधी स्वयंपाकघराकडे वळले. शेगडीवर मोठं पातेलं खळखळत होतं, झाकण उड्या मारत होतं. शिवणबाई मशीन सोडून कौतुकाने मागे आली.

"बघा सिस्टर, तुम्ही सांगता तस्संच. बाळ यायच्या आधीच हाताला सवय हवी ना पुन्हा. किती वर्षं झाली!"

सिस्टरने गॅस बंद केला.

"अहो, अजून आटलं नाही!"

"बस इथे," सिस्टर म्हणाली. "ढब्बूला कफ झाला नव्हता. मी खोटं बोलले."

मग तिने सगळं सांगितलं. तपकिरी रक्त, निळं औषध, गोठे, जमीन, पातेलं. या पाण्याचा एक थेंब बाळाच्या बाटलीत जाता कामा नये, आणि उकळून तर मुळीच नाही. कॅन कुठून आणायचे, मशीन कसलं बसवायचं, तेही. शिवणबाईने दोन्ही हात गालांवर ठेवले.

"अगं बाई! वेळेवर आलात हो. देवासारख्या आलात."

इथे सिस्टरला उठता आलं असतं. जे सांगायला सुनेने पाठवलं होतं ते सांगून झालं होतं. वर आभारही मिळाले होते, आणि ते आभार तिला चटक्यासारखे लागले. ती उठलीसुद्धा. "पोरगी कुठाय?" असं आपलं विचारायचं म्हणून तिने विचारलं.

"तपासणीला गेलीय जावयाबरोबर. पोटातल्या बाळाचं हृदय बघायला, पुन्हा," शिवणबाई म्हणाली. "डॉक्टर म्हणतात सगळं ठीक आहे, पण हिला पटतच नाही. लहानपणापासून भावाचं ऐकलंय ना. घराण्यात आहे म्हणते. बाळाचा पाळणासुद्धा आणू देत नाही, आधी जगू दे म्हणते. जिवाला नुसता घोर लावून घेतलाय पोरीने."

सिस्टर परत खाली बसली.

"त्याच्या हृदयाला भोक होतं, असं मी तुला म्हणाले होते."

"हो."

"ते कुणी तपासलं नव्हतं. मीही नाही. तुझं रडणं थांबेना, म्हणून मी म्हणाले."

शिवणबाईच्या बोटाला दोऱ्याचं टोक गुंडाळलेलं होतं. ती ते सोडवायला लागली आणि मग पुन्हा गुंडाळायला लागली.

"तोही बाटलीवर होता," सिस्टर म्हणाली. "पाणी याच जमिनीतलं. निळाही तसाच पडला होता. आणि आटवायला तुला मी शिकवलं. आता खात्रीने कुणीच सांगू शकणार नाही. पण मला विचारशील तर, पाण्यानेच झालं. माझ्यामुळे झालं."

पातेल्यातलं पाणी निवत होतं, त्याचा बारीक आवाज येत होता.

"त्याला तहान फार लागायची," शिवणबाई म्हणाली. "उन्हाळा होता. तुम्ही म्हणाला होतात, दोन दुधांच्या मधे चमच्याने पाणी पाजत जा, उकळलेलं. आवडीने प्यायचा हो. ओठ पुढे करून प्यायचा. मला वाटायचं, दूध तर मला नाही, पण एवढं तरी मी त्याचं नीट करते."

सिस्टरने तोंड झाकून घेतलं. वॉर्डात कधी न रडलेली बाई, खांदे गदगदून रडत होती. शिवणबाईने तिच्या पाठीवर हात ठेवला नाही. पाणीही विचारलं नाही.

"इतकी वर्षं मला वाटायचं, माझ्याच अंगात खोट होती," ती म्हणाली. "माझ्या पोटातच त्याचं हृदय बिघडलं. सासरची माणसं तसं बोलून दाखवायची. मी ऐकून घ्यायचे. खरंच असेल म्हणायचे."

"मला माफ कर असं कुठल्या तोंडाने म्हणू?"

"नका म्हणू," शिवणबाई म्हणाली. "आज नका म्हणू. आज तुम्ही जा."

सिस्टर उठली. दारात येऊन चपला शोधू लागली, तर समोरच असलेल्या चपला तिला दिसेनात. शिवणबाई मागून आली. तिने पायाने चपला पुढे सरकवल्या.

"संध्याकाळी पोरगी येईल. तेव्हा या."

"पाण्याचं सांगायला?"

"पाण्याचं मी सांगेन. तुम्ही एवढंच सांगा, तिच्या भावाचं हृदय धडधाकट होतं." शिवणबाईचा आवाज पहिल्यांदाच फुटला. "मी सांगून तिला पटणार नाही. तुम्हीच सांगा, सिस्टर. तुम्ही सांगितलेलं आम्हाला सगळं खरं वाटतं."